खाऱ्या टाकीत तळाचे मासे एकत्र नांदवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरला घरी चार फुटी खारी टाकी आहे, तिला आठ महिने झालेत. वरच्या पाण्यात दोन क्लाउन आणि तीन डॅमसेल. तळाशी एक यलो वॉचमन गोबी सहा महिने सुखात होता. मग एकाच महिन्यात तुम्ही डायमंड गोबी, लॉनमोवर ब्लेनी आणि यलोहेड जॉफिश आणलेत. जॉफिशने दोनदा उडी मारली, दुसऱ्या वेळी तो सकाळी फरशीवर मेलेला सापडला. वॉचमनची शेपटी फाटली आहे आणि तो पंपामागे बसून असतो. डायमंडचं पोट खपाटीला गेलंय. हे सगळे शांत मासे आहेत असं दुकानदाराने सांगितलं होतं. आणि आता मँडरिन मासा आणावा का, असं तुम्ही विचारलंय.

जॉफिशचं वाचून फार वाईट वाटलं. दिवसभर बिळातून डोकं बाहेर काढून आपल्याकडे बघत बसणारा तो मासा घरातल्या सगळ्यांना लळा लावतो. मी २००६ पासून नाशिकमध्ये खाऱ्या टाक्या सांभाळतोय, स्वतःच्या आणि इतरांच्याही. तुम्ही लिहिलंय तसंच चित्र मी बऱ्याच घरांत पाहिलंय, आणि दर वेळी त्यातले मासे खरोखरच शांत होते. दुकानदार खोटं बोलला नाही. पण स्वभावाने शांत असलेली भावंडंसुद्धा बांधावरून कोर्टात जातात, हे आपल्याला सांगायला नको. तळाच्या माशांची भांडणं ही अशीच बांधावरची असतात. त्यांना पाणी नको असतं, जमीन हवी असते.

टाकी भरताना आपण सगळे लिटर मोजतो. तुमची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे, म्हणजे साधारण २४० लिटर. आकडा मोठा वाटतो. पण गोबीसाठी उंचीचा उपयोग जवळजवळ शून्य. बहुतेक गोबींच्या पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात आणि त्या वाटीने ते तळाला किंवा दगडाला धरून बसतात. बहुतेक ब्लेनींना मोठेपणी वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, राहत नाही, त्यामुळे पोहणं थांबवलं की ते खाली बसतात. आपल्याकडे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल, ती याच गोबींच्या गणगोतातली. तेव्हा या माशांसाठी तुमची टाकी २४० लिटरची नाही, ती चार फूट गुणिले दीड फूट, म्हणजे सहा चौरस फुटांची आहे. त्यातला एक तृतीयांश भाग दगडांनी व्यापला असेल तर मोकळी वाळू उरली चार चौरस फूट. त्या चार फुटांत तीन खणणारे मासे आणि एक दगडावरचा. जागा अशी मोजली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

आता एकेकाचं राहणं आणि पोट भरणं बघू, कारण खरी गाठ तिथेच आहे.

वॉचमन गोबी हा एका जागेचा मासा. एक बीळ, त्याच्या तोंडाशी बसायची एक जागा आणि समोरचं अंगण. माझ्या अनुभवात त्याला स्वतःचं असं एक-सव्वा चौरस फूट पुरतं, पण ते पक्कं हवं. निसर्गात तो पिस्तूल कोळंबीबरोबर राहतो. कोळंबी बीळ खणते आणि दिवसभर वाळू बाहेर आणून टाकते, पण तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर आली की तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं आत पळतात. राखणदारीच्या या कामावरूनच त्याचं नाव पडलंय. तुमच्याकडे कोळंबी नाही, म्हणजे त्याने स्वतःच दगडाखाली कसंबसं बीळ केलेलं असणार.

डायमंड गोबी नेमका उलट. त्याला सगळी वाळू हवी. तोंडात वाळू भरायची, कल्ल्यांतून गाळून बाहेर टाकायची आणि त्यातले बारीक जीव खायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. टाकीची वाळू पांढरीशुभ्र राहते म्हणून लोक त्याला हौसेने आणतात. पण तो ती वाळू उचलून कुठेही टाकतो: दगडावर, पंपावर आणि शेजाऱ्याच्या बिळाच्या तोंडावर. तो पंधरा सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. आठ महिन्यांच्या टाकीतल्या वाळूत जेवढे जीव असतात, ते तो काही आठवड्यांत संपवतो. पोट खपाटीला जाण्याचं कारण बहुधा हेच. आजार असू शकतो, पण मी आधी उपासमार धरून चालेन.

लॉनमोवर ब्लेनी दगडावर बसून शेवाळ खरवडतो. जमिनीच्या वाटणीत तो थेट येत नाही. पण बसायची त्याची ठरलेली ठिकाणं असतात, आणि शेवाळ संपलं की त्याची चिडचिड वाढते. मग तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, तळाला टेकून बसणाऱ्या लांबट माशाला हाकलतो. तुमच्या वॉचमनची शेपटी कुणी फाडली, हे मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फाटलेला भाग अर्धगोल चावल्यासारखा असेल तर माझा संशय ब्लेनीवर जाईल.

आणि जॉफिश. हा कॅरिबियनकडचा मासा. त्याला बीळ उभं लागतं, खाली सरळ उतरणारं, आणि त्याच्या भिंती तो शंखांचे तुकडे, खडे आणि वाळू रचून बांधतो. त्यासाठी निदान १२ सेंटिमीटर खोलीचा, बारीक वाळू आणि खडे मिसळलेला थर हवा. तुम्ही वाळू दोन इंच असल्याचं लिहिलंय. दोन इंचांत त्याला घर बांधताच आलं नाही. जे काही तो खणत असेल ते डायमंड बुजवत असणार. बीळ नसलेला जॉफिश रात्रभर काचेलगत वर-खाली करतो आणि झाकण नसेल तर बाहेर पडतो. त्याने दोनदा उडी मारली ती घर शोधताना. तुमच्यावर दोष ठेवायला हे लिहीत नाही. पुढचा मासा आणण्याआधी वाळूची खोली मोजायची हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता या आठवड्यात करायच्या गोष्टी.

डायमंडला काढा. चार फुटी टाकीत वॉचमन आणि डायमंड दोघंही टिकलेली उदाहरणं मी पाहिली आहेत, पण ती दोन-तीन वर्षं मुरलेल्या टाकीतली, वाळूत भरपूर जीव असलेली. तुमच्या टाकीत सध्या तो उपाशी आहे आणि बाकीच्यांना बेघर करतोय. कुणाची जुनी सहा फुटी टाकी असेल तर तिथे द्या, नाहीतर दुकानात परत करा. तोवर त्याला दिवसातून तीन वेळा भरवा. जाळीने पकडायला जाऊ नका, वाळूत घुसेल आणि तुम्ही अर्धी टाकी उलटीपालटी कराल. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं गोठवलेलं खाद्य) ठेवा, संध्याकाळी दिवे मंद करून वाट बघा. भुकेला मासा आहे, येईल.

वॉचमनला त्याच्या जागी परत आणायचा प्रयत्न करू नका. त्याच्यासाठी नवं घर तयार करा, तो स्वतः शोधेल. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणि दोन्ही टोकांना एकेक एल्बो, एवढंच सामान. प्लंबिंगच्या कोणत्याही दुकानात मिळेल. चिकटवायचं सॉल्व्हंट न वापरता नुसतं दाबून बसवा. पाइप दगडाच्या कडेने वाळूखाली आडवा पुरा, दोन्ही तोंडं तेवढी वर राहू द्या. दोन तोंडं हवीतच, कारण एका दाराच्या बिळात पाठलाग करणारा शिरला तर आतल्याला पळायला वाट राहत नाही. असे दोन पाइप टाकीच्या दोन टोकांना पुरा, आणि मध्ये दगडांची रांग अशी लावा की एका दारातून दुसरं दार दिसणार नाही. नजरेआड असलेल्या शेजाऱ्याशी हे मासे सहसा भांडत नाहीत.

दगडांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण यात मी एक मासा गमावलाय. सुरुवातीच्या वर्षांत मी आधी वाळू पसरली आणि वर दगडांची सुंदर कमान रचली. पट्ट्यांचा एक स्लीपर गोबी आणला. त्याने दहा दिवसांत कमानीचा पाया पोखरला आणि एका रात्री ती त्याच्यावरच कोसळली. आवाजाने आम्ही उठलो. काच वाचली, मासा वाचला नाही. तेव्हापासून माझा नियम ठरलाय: दगड थेट तळाच्या काचेवर, खाली प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा, आणि वाळू सगळ्यात शेवटी, दगडांच्या भोवती. तुमचे दगड वाळूवर असतील तर मासे हलवाल त्याच दिवशी तेही बदला. मांडणी बदलली की ब्लेनीच्या ठरलेल्या जागाही मोडतात आणि सगळे एकदम नवखे होतात. वाटणी नव्याने होते, जुना मालक उरत नाही.

वाळूविषयीही. गोदावरीची नदीची वाळू वापरू नका, कितीही धुतलेली असली तरी. ती बेसाल्टच्या झिजेची असते. तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. काच पुसायच्या चुंबकात ते अडकले की काचेवर कायमचे ओरखडे पडतात. कण टोकदारही असतात, आणि तोंडाने वाळू गाळणाऱ्या माशाला ते त्रासाचे. पाकिटबंद अ‍ॅरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू घ्या, एक ते दोन मिलिमीटरची. तुमच्या तळाला ५ सेंटिमीटर थर द्यायचा तर २७ लिटर वाळू लागते, म्हणजे ४० किलोच्या आसपास. सगळीकडे खोल करण्यापेक्षा एक कोपरा दगडांची आड लावून खोल ठेवणं सोपं जातं. आणि कोकणात फिरायला गेलात तर किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळ आणि समुद्रघोडे दोन्ही संरक्षित आहेत. कोरडे सिरॅमिकचे दगड चालतात. त्यावर जिवाणू बसायला वेळ लागतो खरा. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू विरजणासारखी टाकली तर काम लवकर होतं.

जेवणाकडे वळतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत दहा-दहा बिऱ्हाडं राहायची. एरवी गोडीगुलाबी, पण नळाला पाणी यायच्या वेळी हमखास वादावादी. टाकीतलं जेवण म्हणजे ती नळाची वेळ. तुम्ही वरून चिमूटभर दाणे टाकता, तीन डॅमसेल आणि दोन क्लाउन ते अर्ध्या मिनिटात संपवतात, खाली काहीच पोहोचत नाही. मग खालचे मासे उरलेल्या दोन कणांवर तुटून पडतात आणि आपण म्हणतो हे मासे भांडखोर आहेत. हवेच्या पंपाची नळी आणि मोठी सिरिंज घ्या. आधी वरच्यांना टाकीच्या डाव्या बाजूला दाणे द्या. ते तिकडे गुंतले की उजवीकडे नळी थेट बिळाच्या तोंडाशी नेऊन वितळवलेलं मायसिस हळूच सोडा. मग ब्लेनीच्या दगडाशी थोडं. दिवसातून दोनदा. आठवड्याभरात वॉचमन नळी दिसली की तोंड उघडून बाहेर येईल. हा मासा माणसाच्या हाताची वेळ फार पटकन शिकतो आणि ते पाहणं हा या छंदातला मोठा आनंद आहे.

गोठवलेलं मायसिस नेहमी मिळत नाही हे खरं. मासळी बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धुऊन, तांदळाच्या कणीएवढी बारीक चिरून, छोट्या पुड्यांत गोठवून ठेवली तर अडीनडीला चालते. रोज तीच देऊ नका, अन्नात फेर हवा. सुका जवळा मात्र नको. त्यात मीठ असतं, वाळूचे कण असतात, पाणी घाण होतं, आणि पोषण फारसं उरलेलं नसतं. ब्लेनीला यातलं काही फारसं उपयोगी नाही. त्याला समुद्री शेवाळाचा वाळवलेला नोरी कागद, बिनमिठाचा आणि बिनमसाल्याचा, दगडाला रबराने बांधून द्या. दर दोन दिवसांनी तळहाताच्या एक चतुर्थांश एवढा तुकडा पुरे. त्याचं पोट भरलेलं असलं की वॉचमनला त्याच्यापासून फारसा त्रास नाही.

नाशिकच्या हवेचा तळाच्या माशांशी थेट संबंध आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश झालं की टाकीचं पाणी एकतीस-बत्तीसपर्यंत जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि तळाशी, दगडांच्या मागे, जिथे प्रवाह पोहोचत नाही तिथे तो सगळ्यात कमी. त्यात रात्री वीज गेली तर खड्ड्यात झोपलेल्या माशाला आधी फटका बसतो. एरवी बीळ न सोडणारा गोबी पहाटे काचेच्या वरच्या कडेला चिकटलेला दिसला तर ते भांडण समजू नका, त्याला श्वास घेता येत नाहीये. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असायलाच हवा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा. आपला उन्हाळा कोरडा आहे हे मात्र आपलं भाग्य. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून भरायचं ते बिनमिठाचं आरओ पाणी. खारटपणाचं माप (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर स्थिर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि गार फरशीच्या खोलीत टाकी झपाट्याने थंड होते. २५० वॉटचा हीटर लावा, पण वाळूपासून वर. गोबीला हीटरला टेकून बसायची सवय लागते आणि पोट भाजलेलं मी पाहिलंय.

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी थेट वापरत असाल तर थांबवा. त्यात क्लोरीन असतं, शिवाय शेवाळ वाढवणारे क्षारही. आरओचं पाणी, त्यात लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ, आणि आठवड्याला २४ लिटर बदल. एवढं पुरे.

पुढे कुणाला आणता येईल? डायमंड गेल्यावर तुमच्या तळाशी वॉचमन आणि ब्लेनी उरतील. माझ्या मते चार फुटी टाकीत आणखी एक मासा आणि एक कोळंबी, एवढीच जागा आहे. कोळंबी म्हणजे टायगर पिस्तूल कोळंबी. वॉचमनला ती मिळाली की त्याचं आयुष्यच बदलतं. बीळ पक्कं होतं आणि तो शेजाऱ्यांच्या वाटेला जात नाही. रात्री ‘टक्’ असा काच तडकल्यासारखा आवाज येईल तेव्हा घाबरू नका, ती नांगी झटकते. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर वॉचमन ज्या दगडाजवळ असेल तिथेच तिला नळीतून सोडा. भेट व्हायला कधी एक रात्र लागते, कधी तीन आठवडे.

मासा आणायचा तर निऑन गोबी घ्या. दोन इंचांचा, निळ्या रेघेचा, दगडावर आणि काचेवर राहतो, वाळूशी त्याचं देणंघेणं नाही. फायरफिशही चालेल. तो तळापासून वीतभर वर तरंगतो आणि फक्त लपायला खाली येतो, पण झाकणाशिवाय आणूच नका. दुसरा वॉचमन किंवा त्याच्या जातकुळीतला दुसरा कोळंबी-गोबी आणायचा मोह टाळा. जुळलेली जोडी नसेल तर दोन नर त्या चार फुटांत एकमेकांना जगू देत नाहीत. हॉकफिश दिसायला देखणा, दगडावर राजासारखा बसतो, पण कोळंबी खातो. डॉटीबॅक आणि सिक्सलाइन रास हे मासे टाकीत मुरले की बिळाच्या तोंडाशी जाऊन छळतात. ते हवेच असतील तर सगळ्यांच्या शेवटी. भित्रा आधी, दांडगा नंतर, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

दोन माशांपासून विशेष सावध करतो, कारण ते पिल्लं असताना स्वस्तात आणि झुंडीने विकले जातात. एक इंजिनियर गोबी, जो मुळात गोबी नाहीच. काळा-पांढरा, बोटाएवढा असताना गोड दिसतो. वाढून फुटाच्या वर जातो, सापासारखा होतो आणि अख्ख्या टाकीखाली बोगदे खणतो. दुसरा पट्ट्यांचा समुद्री शिंगाळा. त्याच्या परांच्या काट्यात विष असतं, आणि टाकीत हात घालणाऱ्याला ते कळायच्या आधीच काटा लागलेला असतो. घरात लहान मुलं असतील तर तो नकोच.

नवा मासा क्रॉफर्ड मार्केटहून आणा किंवा इथल्या दुकानातून, कसारा घाट चढून आलेली पिशवी बहुतेक वेळा चार-पाच तासांची बंद असते. आतल्या पाण्यात अमोनिया साचलेला असतो, पण कर्बवायूमुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया तेवढा जाळत नाही. पिशवी उघडली की कर्बवायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, उघडून खारटपणा मोजा, आणि विलगीकरणाच्या टाकीचं (नवा मासा वेगळा ठेवायच्या टाकीचं) पाणी आधीच तेवढ्याच खारटपणाचं करून मासा त्यात घाला. पिशवीतलं पाणी टाकून द्या. विलगीकरण महिनाभर. खणणाऱ्या माशासाठी तिथे पसरट वाडग्यात वाळू ठेवा, त्याशिवाय तो खातही नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर वाडगा काढून पाइपाचे तुकडे ठेवा, कारण ही वाळू तांबं शोषून घेते आणि औषधाची मात्रा कळेनाशी होते. मोठ्या टाकीत तांबं कधीच नाही. कोळंबी आणि वाळूतले जीव दोन्ही मरतात.

मोठ्या टाकीत सोडताना भोकाभोकांच्या पारदर्शक डब्यात चार दिवस तळाशीच ठेवा. जुने रहिवासी येतील, पर फुलवतील, तोंड वासतील. यात घाबरण्यासारखं काही नाही, ती त्यांची बोलायची रीत आहे. चौथ्या दिवशी कुणी ढुंकून बघत नसेल तर दिवे मालवल्यावर सोडा. नंतर एक-दोन दिवस नवा मासा दिसला नाही तर शोधायला वाळूत काडी घालू नका. पर फाटले, मासा पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात लटकला किंवा दिसत असूनही दोन दिवस जेवायला आला नाही, या तीनपैकी काहीही दिसलं तर मात्र त्याच दिवशी वेगळा करा. ‘जुळवून घेतील’ म्हणत थांबलेल्या घरांत मी मेलेलेच मासे उचललेत.

झाकण आजच करा. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीवाल्याकडून चौकट करून घ्या आणि त्यात सहा मिलिमीटर भोकांची नायलॉनची जाळी ताणून बसवा. काचेचं झाकण नको, उन्हाळ्यात उष्णता कोंडते. पाइप आणि वायर जिथून आत जातात तिथली फट बोटाएवढीही ठेवू नका. झाकण असूनही जॉफिश तशा फटीतून निसटतो.

मँडरिनचं उत्तर नाही असं आहे, निदान आता तरी. तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे अगदी बारीक जीव टिपत फिरतो आणि दाणे बहुतेक वेळा ओळखतही नाही. तुमच्या वाळूतलं आणि दगडातलं जेवढं जिवंत अन्न होतं ते डायमंडने खाल्लंय. टाकी दीड-दोन वर्षांची होऊ द्या. मग दिवे मालवून तासाभराने काचेवर बॅटरीचा झोत टाका. पांढरे ठिपके सरसर पळताना दिसले, आणि असे रोज, महिनाभर दिसले, तर मला पुन्हा लिहा. मँडरिन आणायचं ठरलं तर तोवर टाकीत रास जातीचा किंवा वाळू गाळणारा दुसरा मासा नसावा. जॉफिशही पुन्हा हवाच असेल, तर त्याच्यासाठी १२ सेंटिमीटर खोल कोपरा आधी तयार करा आणि तीन महिने मुरू द्या.

वॉचमनची शेपटी पाणी स्वच्छ राहिलं तर तीन-चार आठवड्यांत भरून येईल. कडा पांढरट, कापसासारखी दिसू लागली किंवा लालसर झाली तर त्याला विलगीकरणात घ्या आणि फोटो पाठवा. तोवर रोज रात्री झोपायच्या आधी तो कुठे बसलाय एवढं बघून ठेवा. ज्या दिवशी पंपामागून निघून तो पाइपाच्या तोंडाशी दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोळंबीची चौकशी करायला हरकत नाही.